गावात डॉक्युमेंटरीवाले येऊन गेले. मावशीनं कॅमेऱ्यापुढे बोलावं का?

बोंडवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. कोणी ओळखलंच तरी प्रतिसादात टाकू नका, विनंती आहे.

आमच्या गल्लीतल्या एका मावशीची लेक बऱ्याच वर्षांपूर्वी सासरच्या वावरातल्या विहिरीत सापडली. लग्नाला सात वर्षं झाली नव्हती. ठाण्यात आधी मर्गच, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंदच, दाखल झाला. माहेरच्यांनी प्रेत उचलायला नकार दिला तेव्हा कुठं गुन्हा लागला. नवरा, सासू, दीर आरोपी. पुढं शेजारचे साक्षीदार फितूर झाले आणि तिघंही पुराव्याअभावी सुटले. नात मावशीकडेच वाढली, आता दहावीला आहे.

मागच्या बाजाराच्या दिवशी मुंबईहून एक मुलगी आणि एक मुलगा आले. बोलायला अगदी सभ्य. ओटीटीसाठी सत्यघटनांची मालिका करताहेत, त्यात एक भाग विदर्भाचा. लग्नाचे फोटो मागितले, सीडी आहे का विचारलं, विहिरीवर ड्रोन उडवायचा म्हणाले. पुन्हा येणार आहेत. मावशी म्हणते, "इतक्या वर्सानं कोनी इचारून रायलं नं माय, तं सांगतो म्या." तिचा मुलगा नको म्हणतो, उद्या भाचीचं लग्न कसं जमेल, हा त्याचा प्रश्न. मी आशा वर्कर आहे, म्हणून दोघंही मलाच विचारतात.

अशा डॉक्युमेंटऱ्यांचा, किंवा त्या केलेल्या लोकांचा, कोणाला अनुभव आहे का? माहिती असेल ती सांगा. मत मागितलं नाही तरी तुम्ही देणारच, तेही द्या.

संत्रानगरी

बोंडवालीताई, आधी 'इंडियन प्रिडेटर: मर्डर इन अ कोर्टरूम' बघून घ्या. नेटफ्लिक्सवर २०२२ च्या ऑक्टोबरात आली, तीन भाग आहेत, दिग्दर्शन आपल्या उमेश विनायक कुलकर्णींचं. नागपूरच्या कस्तुरबानगरची गोष्ट. अक्कू यादवनं त्या वस्तीला वर्षानुवर्षं नागवलं, बायकांवर अत्याचार केले, पोलिसांकडे गेलं की तक्रार करणारीचीच चौकशी. १३ ऑगस्ट २००४ ला बायकांच्या जमावानं त्याला जिल्हा न्यायालयात, कोर्टाच्या खोलीतच मारलं. खटला दहा वर्षं चालला आणि २०१४ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

मला त्यात आवडलं ते हे की वस्तीतल्या बाया स्वतः बसून बोलतात, त्यांच्याच भाषेत, मधेच हसतात, मधेच चिडतात. नाट्यरूपांतराचे तुकडे मात्र मी पुढे ढकलले. समोर बसून बाई सांगते आहे, तेवढं पुरेसं असतं की. वर रक्त आणि संगीत कशाला?

पण तुमच्या मावशीच्या बाबतीत एक मोठा फरक आहे. कस्तुरबानगरच्या बाया एका वस्तीत, एकमेकींच्या भिंतीला भिंत लावून राहतात. एकीनं तोंड उघडलं तर दहा जणी मागे उभ्या होत्या. मावशी एकटी आहे. सासरचं गाव किती लांब आहे?

बोंडवाली

लांब कुठलं. बाजार एकच आहे. तो माणूस दुसरं लग्न करून बसला आहे, बाजारात समोर येतो. मावशी रस्ता बदलत नाही, तोच बदलतो.

झाडीपट्टीचा

मी वडशाचा. आमच्या गावाचं नाव वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं, देसाईगंज म्हणून. २६ मार्च १९७२ च्या रात्री इथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. तेव्हा हा चंद्रपूर जिल्हा होता, गडचिरोली १९८२ मध्ये वेगळा झाला. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराची तरतूद त्यातूनच आली.

आता गंमत बघा, तिला गंमत म्हणवत नाही. पीडितेचं नाव छापायला बंदी करणारं २२८-अ हे कलमही त्याच १९८३ च्या दुरुस्तीत आलं. आणि जिच्यामुळे आलं तिचं नाव अख्ख्या देशाला माहीत! अजूनही तिला शोधत पत्रकार येतात. त्या बाईला कायद्यातून काय मिळालं, हे विचारायला येतात की नुसतं कशी दिसते ते बघायला, कोण जाणे. मावशीला सांगा, एकदा नाव गेलं की परत आणता येत नाही. पन्नास वर्षं झाली तरी येत नाही.

पुणेरी_पोहे

विदर्भ म्हटलं की फक्त हेच दाखवायचं का? आधी शेतकरी आत्महत्या, आता हे. इमेज खराब होते.

झाडीपट्टीचा

पोहे, इमेज कोणाची? जा बरं, चहा घ्या.

मोहाडीवाला

संत्रानगरी म्हणतात ते पटलं. माझ्या तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातले चार जण, आई, मुलगी आणि दोन मुलं, गावानं मारली. सुरुवातीला बाहेर कोणाला पत्ता नव्हता. मोर्चे निघाले, मग कॅमेरे आले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं फाशीची जन्मठेप केली, पंचवीस वर्षांची. अॅट्रॉसिटीचा कायदा मात्र दोन्हीकडे लागला नाही. जातीमुळे झालं हे कोर्टाला दिसलं नाही, गावाला दिसत होतं.

सांगायचा मुद्दा वेगळा. भैयालाल भोतमांगे जिवंत राहिले, २०१७ च्या जानेवारीत गेले. दरवर्षी सप्टेंबर आला की माईक घेऊन लोक त्यांच्याकडे जायचे. "त्या दिवशी काय झालं ते सांगा." तोच प्रश्न, दहा वर्षं. पुनर्वसन, अपील, अॅट्रॉसिटीचं काय झालं, हे विचारणारे थोडे. मावशीला कोणता प्रश्न विचारणार आहेत ते आधी लिहून मागा.

काळा_कोट

केळापूर कोर्टात वकिली करतो. कायद्याची बाजू सांगतो, मग तुम्ही ठरवा.

पहिलं म्हणजे, अपील चालू आहे का? २००९ च्या अखेरपासून पीडिताला किंवा तिच्या वारसाला निर्दोष सुटकेविरुद्ध स्वतः अपील करता येतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत (सीआरपीसी) कलम ३७२ होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४१३. नागपूर खंडपीठात काही प्रलंबित असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय मावशीनं एक शब्द बोलू नये. चालू खटल्यावर मालिका काढता येत नाही असं नाही. लेकीच्या खुनाच्या खटल्यातल्या आरोपी इंद्राणी मुखर्जीवरची मालिका २०२४ मध्ये सीबीआयनं अडवायला बघितली, मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती आधी स्वतः पाहिली आणि मग परवानगी दिली. पण तिथं दोन्ही बाजूंना मोठे वकील होते. इथं कोण उभं राहणार?

दुसरी गोष्ट बदनामीची. तिघंही निर्दोष सुटले आहेत. "त्यानंच मारली" हे वाक्य कॅमेऱ्यावर आलं की तो उद्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार करू शकतो. मावशीनं जे पाहिलं ते बोलावं: लेक माहेरी आली तेव्हा अंगावर काय होतं, काय सांगत होती, ठाण्यात कोण काय म्हणालं. निष्कर्ष बघणारा काढेल.

नाव छापण्याची बंदी लैंगिक गुन्ह्यांना आहे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. हा गुन्हा तसा नसेल तर ती लागत नाही. पण दोषारोपपत्रात बलात्काराचं कलम कुठंही असेल तर आईची परवानगीही चालत नाही. २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात सुप्रीम कोर्टानं मृत पीडितेलाही तेच संरक्षण दिलं आहे.

आणि नात. ती अल्पवयीन आहे. या प्रकरणात तिचं बयाण कधी झालं असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तिची ओळख उघड करायला सरळ मनाई करतं. झालं नसेल तरी तिचा चेहरा, शाळा, गणवेश, घराची पाटी, काहीही येता कामा नये. दहावीच्या वर्षात तर नाहीच नाही.

फाटक्या_चपलेचा

पैसे मागा ताई, पैसे. ते कोटी कमावतात.

सेलूची_सून

पैशाचं कोणी बोललं की सगळे नाक मुरडतात, पण मला त्यात चूक वाटत नाही. मुलाखतीचे पैसे घेतले तर उद्या कोर्टात "पैसे घेऊन बोलली" असं म्हणतील, ते खरं. पण शूटिंगला दिवस जाणार, सध्या वेचणी आहे, मावशी मजुरीला जात असेल तर तेवढा रोज बुडतो. तो लेखी मागा. त्यांच्या ड्रोनवाल्याला रोज मिळतो, मग मावशीला का नाही?

निवृत्त_जमादार

म्या पोलीस खात्यात जमादार होतो, आता घरी हावो. ठाण्याचं नाव नाई सांगत.

विहिरीतल्या मरनाचं तुमाले सांगतो. टीव्हीवर डीएनए डीएनए लय करतेत. पान्यातल्या केसमंदी पह्यला प्रश्न असा रायते का, बाई जिवंत पडली का मेल्यावर टाकली. जिवंत पडली तं पानी फुप्फुसात जाते, पान्यातले बारीक शेवाळ, डायटम म्हन्तेत त्याले, ते रक्तातून हाडाच्या मगजात जाते. डॉक्टर हाड राखून ठेवते, नागपूरच्या लॅबमंदी तपासनी होते. पन त्यासाठी त्याच विहिरीचं पानी त्याच वेळी बाटलीत भरून सील करून पाठवा लागते. ते कोन भरते? आमी भरत होतो का? कधी भरलं, कधी नाई. बाटलीच नसे. दुसऱ्या दिवशी गेलं तं कोनी मोटर लावून विहीर उपसून ठेवली रायते.

बाई, त्या पोरा-पोरीले सांगा का ड्रोन उडवू नका. पंचनाम्याची नक्कल काढा कोर्टातून. त्यात पानी भरलं का नाई, दोर होता का, बादली कुठं होती, चपला कुठं होत्या, सारं लिवलेलं रायते. नाई लिवलं तं ते बी कळते. खरी स्टोरी थेच आहे.

बोंडवाली

जमादारकाका, हे वाचून मी जागेवरच बसले. मावशी पहिल्या दिवसापासून चपलांबद्दल बोलते. चपला विहिरीपासून लांब, बांधावर नीट जोडून ठेवलेल्या होत्या म्हणे. आम्हाला वाटायचं म्हातारी तेच तेच बोलते.

निवृत्त_जमादार

नक्कल काढा माय. अर्ज करा, फी लय नसते.

हिंगणघाटची

मी लिहू की नको असं करत होते. ३ फेब्रुवारी २०२० ला आमच्या नांदोरी चौकात एका प्राध्यापिकेला एकतर्फी प्रेमातून पेट्रोल टाकून जाळलं. सात दिवसांनी ती गेली. २०२२ च्या फेब्रुवारीत आरोपीला जन्मठेप झाली, म्हणजे आपल्याकडच्या मानानं लवकरच. त्या आठवड्यात चौकात वाहिन्यांच्या गाड्यांची रांग होती. मला आजही त्याचे यूट्यूबवर व्हिडिओ दिसतात, संगणकाचा बायकी आवाज, तिचा हसरा फोटो, वर ज्वाळा चिकटवलेल्या. परवानगी कोणाची घेतली असेल? मावशीकडे निदान विचारायला तरी आले.

रात्रपाळी_वाचक

सगळे डॉक्युमेंटऱ्यांना झोडताहेत. मी नर्सिंगला आहे आणि खूप बघते, हॉस्टेलवर आम्ही सगळ्याच बघतो. मजा म्हणून नाही बघत. रिक्षावाल्यानं रस्ता बदलला तर काय करायचं, एखादा नकार ऐकत नसेल तर पुढची पायरी काय असते, हे आम्हाला घरी कोणी शिकवलं? अमेरिकेतल्या व्हिकरी आणि फ्रेली या मानसशास्त्रज्ञांचा २०१० चा अभ्यास आहे: असल्या गोष्टी पुरुषांपेक्षा बायका जास्त निवडतात, आणि ज्यात सुटकेची युक्ती आहे ती तर हमखास. मला त्यात नवल वाटलं नाही.

सेलूची_सून

रात्रपाळी, तुझं बरोबर आहे, पण एक हिशोब बघ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) २०२२ च्या अहवालात देशात महिलांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदले, त्यातला सर्वांत मोठा वाटा, ३१ टक्क्यांच्या वर, नवरा आणि सासरच्यांच्या छळाचा. बलात्कारातही बहुतेक वेळा आरोपी ओळखीचाच असतो. आणि मालिका कशावर? अनोळखी, विकृत, हुशार खुनी. रिक्षावाल्यापासून वाचायच्या युक्त्या आपण पाठ करतो, आणि सासरी पहिली थापड बसली की आईच म्हणते, "घे सांभाळून." त्यासाठी कोणती युक्ती दाखवली त्यांनी?

म्हणून मला उलट वाटतं, मावशीची गोष्ट यायला हवी. विहीर, रॉकेल, फवारणीच्या रोगर औषधाची बाटली. हे आपल्या प्रत्येक गावात आहे आणि त्यावर कोणी मालिका काढत नाही, कारण यात रहस्य नाही. कोणी केलं ते गावाला पहिल्या दिवशीच माहीत असतं.

संत्रानगरी

सेलूताईंना शंभर टक्के. आणि चांगलं काम कसं असतं ते बघायचं तर 'टू किल अ टायगर' बघा. निशा पाहुजांची, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली होती. झारखंडमधलं खेडं, तेरा वर्षांची मुलगी, शेतकरी बाप. गाव म्हणतं, अत्याचार करणाऱ्यातल्या एकाशीच लग्न लावून टाका, गावातलं भांडण गावात मिटवा. बाप कोर्टात जातो. आपल्याकडची तंटामुक्तीची बैठक आठवली बघताना, तेच पुरुष, तेच सतरंजीवर बसणं, तोच "गावाची अब्रू" शब्द. मुलगी अठराची झाल्यावर तिनं स्वतः चित्रपट पाहिला आणि चेहरा झाकू नका म्हणाली. तोवर थांबले ते लोक. तुमच्याकडे आलेले थांबतील का, एवढं विचारा.

काळा_कोट

चित्रपट चांगला आहे, पण ते उदाहरण देऊन उद्या नातीला कोणी कॅमेऱ्यापुढे बसवू नका. वर लिहिलंय तेच पुन्हा सांगतो.

एक_पुरुष

४९८ च्या, म्हणजे सासरच्या छळाच्या, खोट्या केसेसवर पण काढा म्हणा एक भाग. सुटले म्हणजे निर्दोषच ना? की कोर्टाला अक्कल नाही?

निवृत्त_जमादार

भाऊ, खोट्या केसा बी पाह्यल्या म्या, नाई म्हनत नाई. त्यावर बी काढू द्या कोनाले. पन पुराव्याअभावी सुटला याचा अर्थ एवढाच का पुरावा नव्हता. पुरावा गोळा करनारा म्या होतो, मले माहीत आहे किती केला.

मोहाडीवाला

काका, ह्या एका वाक्यासाठी तुम्हालाच डॉक्युमेंटरीत बसवायला पाहिजे.

निवृत्त_जमादार

पेन्शन बंद होईन नं बापू.

बोंडवाली

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी मावशीकडे गेले, दादालाही, म्हणजे तिच्या मुलालाही, बोलावलं. वकीलसाहेबांनी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. अपील झालेलंच नाही, त्या वेळी कोणी सांगितलंच नाही म्हणतात. दादा आधी फणफणला, मग जमादारकाकांचं वाचल्यावर गप्प झाला आणि आतून एक पिशवी घेऊन आला. त्यात निकालाचे काही कागद आहेत, अर्धे उंदरांनी खाल्लेले. इतकी वर्षं त्यानंच जपून ठेवले होते, मावशीलाही माहीत नव्हतं.

मावशी बोलणार म्हणते. नातीचं नाव, चेहरा काही नाही. लग्नाची सीडी द्यायची नाही. लेकीचा शाळेतला एक फोटो द्यायचा, सासरचा एकही नाही. आणि विहिरीवर जायचं नाही, हे तिनंच सांगितलं. "ते विहीर त्याइची हाय, माही पोरगी तिथली नोहे."

आता अडचण अशी की त्या लोकांनी सहीसाठी जो कागद ठेवला आहे तो सगळा इंग्रजीत आहे. दहा-बारा पानं.

काळा_कोट

सही करू नका. मराठीत मागा, आणि मराठीतल्या प्रतीवरच सही होईल असं सांगा. "कोणत्याही दाव्याची जबाबदारी मुलाखत देणाऱ्याची" असं कलम शोधा, बहुतेक शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतं, ते काढून टाकायला लावा. "जगभर, कायमस्वरूपी, कोणत्याही माध्यमात" हेही असेल. त्याखाली मावशीचे तुकडे उद्या रीलमध्ये येऊ शकतात, तर या भागापुरतंच असं लिहून घ्या. प्रसारणाआधी मावशीचा भाग तिला दाखवायचा, हेही त्यातच. पानांचे फोटो मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. अपिलाची मुदत कधीच गेली असेल, पण उशीर माफ करायचा अर्ज करता येतो, त्यासाठी निकालाची पूर्ण नक्कल लागेल, उंदरांनी खाल्लेली चालणार नाही.

बोंडवाली

पाठवते. नकलेचा अर्ज दादा सोमवारी करतो म्हणाला. मालिकावाले बुधवारी येणार आहेत, त्यांना फोन करून पुढची तारीख घ्यायला सांगते.

सेलूची_सून

आणि रोजाचं विसरू नका.